बैलाच्या मानेवरचा तिसरा नियम

न्यूटनचा तिसरा नियम मी सलग दोन वर्षे चुकीचा शिकवला. तोही असातसा नाही, चांगले हातवारे करून, वर्गाला हसवून, फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून. चुकणारा माणूस चाचरत बोलतो असा एक गैरसमज आहे. माझा आवाज तेव्हा शेजारच्या कॉमर्सच्या वर्गात ऐकू जायचा.

गंगापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी अकरावीला फिजिक्स शिकवायचे. राहायला शहरात होते, रोज जाऊन-येऊन. शाळेपासून एम.एस्सी.पर्यंत मला फिजिक्समध्ये कायम चांगले मार्क पडले, कारण माझं पाठांतर दणकट होतं. व्याख्या विचारा, सूत्र विचारा, झोपेतून उठवून विचारा. पाठ असणं वेगळं आणि कळणं वेगळं हे मीही चारचौघांत बोलायचे, पण ते दुसऱ्यांबद्दल. आपण त्यात असू अशी शंका मला कधी आली नाही.

पुस्तक इंग्रजी आणि मुलं मराठी शाळांतून आलेली, त्यामुळे प्रत्येक गोष्ट मराठीत उलगडून सांगावी लागे. तिसरा नियम सांगताना मला तर तयार म्हणच सापडली होती : जशास तसे. ‘तू शेजारच्याला एक चापट मारलीस की तोही तुला एक ठेवून देणार. तितक्याच जोरात आणि उलट्या दिशेने. क्रिया झाली की प्रतिक्रिया होणारच.’ वर्ग हसायचा, दोन-चार जण लगेच प्रयोग करून बघायचे, आणि मी खूश होऊन पुढच्या धड्याकडे वळायचे. दोन वर्षांत कुणी हरकत घेतली नाही.

गंमत अशी की खरं फिजिक्स मी रोज सकाळी तासभर अंगावर घेत होते. नगर नाक्यावरून काळीपिवळी जीप मिळायची. तिचे ड्रायव्हर साठीच्या पुढचे, पांढरी दाढी, डोक्याला रुमाल. आम्ही रोजचे सगळे प्रवासी त्यांना मामू म्हणायचो. जीपच्या मागच्या भागात समोरासमोर दोन लांब बाकं होती. त्यावर चार-चार माणसं बसली की बाक भरलं असं आपल्याला वाटतं. मामूंना तसं वाटायचं नाही. ते पाचव्याला दारात अर्धवट टेकवून गाडी सोडायचे, थोडा वेग घ्यायचे आणि हलकेच ब्रेक दाबायचे. गाडी अडायची, माणसं मात्र बाकावरून सरकत पुढे जायची. दाराशी एक माणूस मावेल एवढी जागा झालेली असायची.

‘बैठो आरामसे,’ मामू आरशात बघून म्हणायचे. ‘जगा थी, तुमकूच दिखी नै.’

हा न्यूटनचा पहिला नियम. गतीत असलेली वस्तू गतीतच राहू पाहते, मग ती वस्तू टिफिनची पिशवी मांडीवर घेतलेली फिजिक्सची मॅडम का असेना. पण मला तेव्हा त्यात नियम दिसायचा नाही, फक्त शेजारणीचा कोपर लागायचा. रिकामी जीप मामू स्टॉपपाशी येऊन थांबवायचे आणि भरलेल्या जीपला दोन खांब आधीपासून ब्रेक लावायला सुरुवात करायचे. वजन वाढलं की त्याच वेगाला संवेग वाढतो, हे त्यांच्या पायाला ठाऊक होतं. मी मात्र वर्गात जाऊन फळ्यावर एम गुणिले व्ही लिहायचे आणि हात झटकायचे.

तिसऱ्या वर्षी, श्रावणातल्या एका बुधवारी, मी चापटीचं उदाहरण देऊन वर्ग हसवला आणि डस्टर उचललं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. जवळच्या खेड्यातून यायची, दोन वेण्या, एरवी तोंडातून शब्द नाही.

‘मॅडम, एक इचारू का? बैल गाडीला वढतो, तवा गाडीबी बैलाला तेवढंच मागं वढती म्हना ना?’

‘बरोबर.’

‘मंग गाडी चालती कशी?’

मी म्हटलं, क्रिया आधी होते, प्रतिक्रिया नंतर. 

‘म्हंजी आधी बैल गाडीला पुढं घील. मंग गाडी बदला घील अन् बैलाला मागं आनील. मंग पुन्ना बैल. असं तर दोघं पुढं-मागं झुलतच बसतील की. आमची गाडी तर सरळ गंगापूरच्या बाजारात येती.’

वर्ग हसला. आज मला माहीत आहे की तो त्या झुलणाऱ्या बैलाला हसला. तेव्हा मला वाटलं मला हसला. तिचा प्रश्न बिनचूक होता, आणि ते मला कळत होतं. उत्तर नसलेल्या माणसाकडे राग तेवढा शिल्लक असतो. मी म्हणाले, ‘एवढं साधं डोक्यात शिरत नसेल ना, तर आर्ट्सला भरपूर जागा रिकाम्या आहेत.’

ती खाली बसली. रडली नाही, तोंडही पाडलं नाही. फक्त पेनाला टोपण लावलं आणि तास संपेपर्यंत ते काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ऑफिसातल्या क्लार्ककाकांनी मला खिडकीशी थांबवलं. ‘मॅडम, तुमच्या वर्गातली एक पोरगी शाखा बदलायचा फॉर्म घेऊन गेली. वडलांची सही लागती म्हनलं. शनिवारी घेऊन येती म्हने त्यांला. शनिवार शेवटचाच दिवस हाय.’

‘कारण काय दिलं?’

‘इथंच उभ्यानं लिहिलं की. फिजिक्स समजत नाही.’

आर्ट्स काही वाईट नाही. माझी धाकटी बहीण इतिहास शिकली आणि आमच्या घरात सगळ्यात शहाणी तीच आहे. पण ती इतिहासाच्या ओढीने गेली होती, कुणी हाकललं म्हणून नाही. या मुलीला फिजिक्स समजत नव्हतं हे साफ खोटं होतं. वर्गातल्या साठ जणांत, मला धरून, ते समजायला लागलेली ती एकटी होती. फिजिक्स समजत नाही, हे वाक्य खरं म्हणजे माझ्या नावाच्या फॉर्मवर शोभलं असतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

घरी जाऊन पुस्तकं काढली. एका पुस्तकात अगदी हाच प्रश्न होता, बैलाच्या जागी घोडा होता इतकंच. खाली तीन बाणांची आकृती आणि चार ओळींचं उत्तर. ते मी पाच मिनिटांत पाठ केलं, आणि पाठ झाल्याबरोबर घाबरले. कारण उद्या मी ते घडाघडा म्हणणार, आणि ती मुलगी उभी राहून आणखी एक साधा प्रश्न विचारणार. मी पुन्हा उघडी पडणार. ‘दोन बलं दोन वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात’ हे वाक्य मी दहादा वाचलं. प्रत्येक शब्द कळत होता, वाक्य कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी वाळूज मागे टाकून आम्ही बरेच पुढे आलो होतो. एका आजीबाईंना त्यांच्या शेताच्या वाटेशी उतरवायला मामूंनी जीप कडेला घेतली आणि ती तिथेच बंद पडली. सेल्फ मारला तर नुसती टिक टिक. मामूंनी चावी काढून पुन्हा घातली, जीपला दोन शब्द सुनावले, मग मागे वळून म्हणाले, ‘उतरो भाई. ढकलना पडता.’

आम्ही सहा-सात जण उतरलो. एक जाडजूड काका मात्र मधल्या सीटवरच बसून राहिले. गुडघ्यांचं दुखणं होतं म्हणे. पण माणूस सज्जन, फुकट बसून राहणं त्यांना बरं वाटेना. मांडीवरची मेथीची पिशवी बाजूला ठेवून त्यांनी पुढच्या सीटच्या दांडीला दोन्ही हात लावले. ‘मी आतून लावतो जोर,’ ते म्हणाले.

रस्त्याकडेच्या उसाला पाणी सोडलेलं होतं आणि ते बांध फोडून कडेला आलं होतं. काळी माती, वर पातळ पाणी. मी साडी खोचली, मागच्या पत्र्याच्या कडेवर दोन्ही पंजे रोवले आणि जीव खाऊन ढकललं. जीप तसूभर हलली नाही. हलले मी. चपला मागे सरकत गेल्या आणि मी पत्र्याला धरून जवळजवळ आडवी झाले. शेजारचा बँकेतला माणूसही तसाच. पुन्हा जोर लावला, पुन्हा आम्हीच मागे. आत काका दांडी ढकलत होते, त्यांचा चेहरा लाल झाला होता.

मामूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आधी काकांकडे बघितलं. ‘चाचा, अंदरसे कित्ता बी ढकलो, गाडीकू पताच नै चलता.’ मग आमच्याकडे. ‘और मॅडम, तुम हातोंसे ढकलरे. हातोंका काम नै ये. पाँव देखो, पाँव. डांबर पे पाँव रखो.’

मी खाली बघितलं. डावीकडे चिखल, उजवीकडे हातभर अंतरावर डांबराची कड, तिच्यावर उघडी पडलेली खडी. मी एक पाय खडीवर टेकवला. हातात जोर तेवढाच, किंबहुना कमीच, कारण मी दमले होते. पण या वेळी पाय मागे गेला नाही. जमिनीने तो अडवून धरला, आणि तो अडवलेला जोर पोटरीतून, कमरेतून, खांद्यातून तळहातात आला. जीप हलली. एकदा हलल्यावर मग ती आपसूक हातात आली. दहा पावलांवर मामूंनी क्लच सोडला, जीपने हिसका दिला, धूर सोडला आणि चालू झाली. थांबली असती तर पुन्हा बंद पडली असती, म्हणून मामू हळूहळू चालवत राहिले आणि आम्ही पळत पळत एकेक करून चढलो. मला काकांनी हात दिला. ‘बघा,’ ते म्हणाले, ‘लागला की नाही जोर.’

मी बाकावर बसले. पदराला चिखल, एका चपलेचा अंगठा तुटलेला. तळहात उघडून बघितले तर दोन्हींवर पत्र्याच्या कडेचा लालभडक आडवा वळ उठला होता. मी त्या वळाकडे बघत राहिले.

हा वळ कुणी उठवला? जीपने. मी तिला ढकलत होते तेव्हा ती मला ढकलत होती. माझं झाल्यावर नव्हे, त्याच क्षणी, तितकंच. यात बदला नव्हता, जशास तसे नव्हतं. तिचा धक्का माझ्या हातावर आणि माझा धक्का तिच्या पत्र्यावर. दोघी बरोबरीत. हातापाशी निकाल लागणारच नव्हता, तो लागत होता पायाखाली. मी जमिनीला मागे रेटत होते आणि जमीन मला पुढे. चिखलाने रेटायला नकार दिला, मी मागे गेले. खडीने साथ दिली, जीप पुढे गेली. आणि काकांचं काय? त्यांचे हात जीपला पुढे ढकलत होते आणि पाठ अन् पाय त्याच जीपला तितकंच मागे. घरातल्या घरात कितीही भांडा, घर काही गल्ली सोडून जात नाही. मला एकटीलाच हसू फुटलं. शेजारणीने विचारलं काय झालं, तर मी म्हणाले, ‘पास झाले.’

पंधरा मिनिटं उशिरा मी वर्गात शिरले. ती तिसऱ्या बाकावर होती, पेनाला टोपण. फळ्याकडे न वळता मी म्हणाले, ‘बुधवारी मी तुम्हाला तिसरा नियम चुकीचा सांगितला. मागच्या दोन वर्षांच्या मुलांनाही चुकीचाच सांगितला. मला तो येत नव्हता. या मुलीचा प्रश्न बरोबर होता आणि मी तिला जे बोलले ते चूक होतं.’

 मग मी चिखलाची साडी दाखवली, जीपची गोष्ट सांगितली, काकांची सांगितली. डेस्क जोडलेल्या एका बाकावर चौघांना बसवलं, पाय वर उचलायला लावले आणि म्हटलं, आता समोरचं डेस्क ढकला आणि बाकासकट पुढे जा. चौघांनी दात-ओठ खाल्ले. बाक जागच्या जागी कुरकुरलं. मग पाय जमिनीला टेकवायला सांगितले, तेव्हा ते सरकत सरकत पार पहिल्या बाकाला धडकलं. शेवटी मी तळहात वर करून वळ दाखवला. तो आता फिकट झाला होता. पुढच्या बाकांनी माना पुढे काढून बघितला.

तिसऱ्या बाकावर हालचाल झाली. ती उभी राहिली.

‘मॅडम, आमच्या बैलांच्या मानंला घट्टे हाईत. जू ठिवायच्या जागी. ते गाडीनंच पाडले म्हना की.’

 माझा वळ अर्ध्या तासात उतरणार होता. तिच्या गोठ्यात तिसरा नियम वर्षानुवर्षं बैलाच्या मानेवर उमटत होता, आणि मी तिला चापटीचं उदाहरण देत होते. ‘हो,’ मी म्हणाले, ‘गाडीनेच पाडले. गाडीची ओढ बैलाच्या मानेवर, बैलाची ओढ गाडीवर.’

‘अन् बैल जमिनीला मागं रेटतो म्हून पुढं जातो. म्हून चिखलात बैल घसरतो.’ ती थांबली. ‘मंग मॅडम, जमीन मागं जाती का?’

बुधवारची मी असते तर डस्टर उचललं असतं. ‘नक्की सांगता येणार नाही,’ मी म्हणाले. ‘बघून उद्या सांगते.’

‘उद्या,’ ती म्हणाली आणि खाली बसली. उद्या शनिवार होता. ती माझ्या तासाला असेल की खिडकीशी, हे मला तिला विचारवलं नाही.

ती खिडकीशीच होती. शेजारी तिचे वडील, धुतलेला पांढरा सदरा, हातात फॉर्म. क्लार्ककाका रजिस्टर उघडून बसले होते. मी आदल्या दिवशी घरी जाऊन सगळं तपासलं होतं आणि या वेळी मला वाक्यही कळलं होतं. मी जवळ गेले. काय बोलावं ते सुचायच्या आत तीच म्हणाली, ‘मॅडम, ते जमिनीचं?’

‘जाते,’ मी म्हणाले. ‘बैल गाडी घेऊन निघताना जेवढा संवेग पुढे नेतो, तेवढाच जमिनीला मागे देतो. फक्त जमीन, म्हणजे अख्खी पृथ्वी, इतकी जड की तिचं सरकणं कुणाला दिसत नाही, कशाने मोजता येत नाही. गाडी थांबली की हिशेब पुन्हा फिटतो.’

वडील ऐकत होते. ‘म्हंजी आमची जोडी रोज पृथ्वी मागं सारती?’

‘हो.’

‘आन् म्या त्यांला आळशी म्हनतो,’ ते म्हणाले. मुलगी हसली. मग त्यांनी फॉर्मकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जरा संकोचून विचारलं, ‘बाई, रागावू नका. पोरगी म्हनती, हे तुमालाबी येत न्हवतं. खरं हाय का?’

क्लार्ककाकांनी रजिस्टरमधून मान वर काढली. खिडकीमागे आणखी दोन माणसं होती, त्यांनीही काढली. 

‘खरं आहे,’ मी म्हणाले. ‘काल आलं.’

 वडलांनी फॉर्मची चौकोनी घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात सारली.

‘मंग काई बिघडत नाय,’ ते मुलीला म्हणाले. ‘जा तासाला. मॅडमला येत नसून त्या मॅडम झाल्या. तुला तर इचारायला येतंय.’